खडकामागचं पाणी

नावाडी आणि त्याचा थोरला भाऊ मिळून पाहुण्यांना समुद्रातले मासे दाखवायला न्यायचे. दीपगृहाखालची उथळ जागा पोराबाळांसाठी, मोठ्या खडकामागची पट्टीच्या पोहणाऱ्यांसाठी. पाण्याला ओढ किती आहे ते बघायला आधी थोरला उडी मारायचा. मागच्या आठवड्यात तो तापानं गेला. घरातले सगळे रडून मोकळे झाले, पण नावाड्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. शेवटी वहिनीच म्हणाली, "भाऊजी, बोट काढा आता."

आज खडकामागे तो स्वतः उतरला. पाण्याखाली तरी रडू फुटेल, असं त्याला वाटलं होतं. पिवळे मासे नेहमीसारखे पाण्यात घालायच्या चष्म्याच्या काचेपाशी आले आणि गेले. त्याला काहीच वाटलं नाही. वर येऊन तो पाहुण्यांना म्हणाला, "पाणी नितळ आहे. उतरा सावकाश." मग त्यांच्या डोक्यांवर नजर ठेवत तो बोटीत बसून राहिला.