ट्रकचा भाव आणि दादाचं पाकीट

चाकणच्या कारखान्यांचा माल ओढायला मी ट्रक घेतला, तेव्हा चुलतभावाला सोबत नेलं. दादा ट्रकच्याच एका कंपनीत लाइनवर कामाला, शोरूमवाले त्याला ओळखायचे. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या शोरूम पालथ्या घातल्या, पण भाव कुठेच हलेना. घेतला शेवटी एक. घरी बायको म्हणाली, "भावजींनीच मधे काही खाल्लं नसेल ना?" ते डोक्यात बसलं. पुढच्याच आठवड्यात, दादा घरी आलेला असताना, मी तोंडावर विचारलं. तो चहा तसाच ठेवून उठून गेला. मी निगडीत, तो देहूरोडला. अंतर ते किती? पण त्यानंतर लग्नकार्यातही आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

यंदा बातमी आली. कंपन्यांनी आपसात बोलून भाव ठरवले होते, असं चौकशीत निघालं. आमच्या वाहतूकदार संघटनेच्या वकीलबाई गाडी घेणाऱ्यांकडून भरपाईचे अर्ज भरून घेऊ लागल्या. मला भरपाईचं सुचलंच नाही. आधी दादा आठवला. सकाळीच पेढे घेऊन देहूरोड गाठलं.

"दादा, चुकलो मी. भाव वरूनच ठरलेला होता."

त्यानं बातमी दोनदा वाचली. वहिनी आत गेल्यावर हळूच म्हणाला, "भावा, पण मी घेतलं होतं की. शोरूमवाल्यानं पाकीट दिलं होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुझी बायको समोर उभी होती. लाज वाटली राव."

रागवावं की हसावं, कळेना. त्यानं पाकीट घेतलं नसतं, तरी मला ट्रक त्याच भावात पडला असता. मग त्यानं माझं नेलं तरी काय? माझा संशय खरा निघाला होता, आणि माफी मीच मागून बसलो होतो.

वकीलबाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "खरेदीच्या वेळी कोण होतं ते खरं लिहा. बाकीचं तुमच्या घरातलं." साक्षीदार म्हणून सही करायला दादा स्वतः आला. कंपनीत कळलं तर काय, असं वकीलबाईंना दोनदा विचारून मगच त्यानं पेन उचललं.

कंपन्या वरच्या कोर्टात गेल्यात, त्यामुळे अर्ज तसाच पडून आहे. दादा मात्र रविवारी येतो. बायको म्हणते, "मी म्हणालेच होते," आणि त्याला जेवल्याशिवाय सोडत नाही. मी त्याला माफ केलं की त्यानं मला, ते मात्र मला अजून सांगता येत नाही.