काकांचं तेल

नंदुरबारबाहेर पथारीवर वाळणाऱ्या मिरच्यांचा ठसका लागला की मला काकांचं शेत आठवतं. तेल आणि वायू शोधणारे सर्वेक्षणवाले गावात आले होते आणि काकांच्या बांधाशी बोअर मारायला त्यांना संमती हवी होती. त्यांच्या साहेबानं स्पष्ट सांगितलं, "जमीन तुमची, पण खाली तेल लागलं तर ते सरकारचं. तुम्हाला पिकाची भरपाई मिळेल." काका हसले. "वावर मन्हं शे, ते खालनंबी मन्हंच," म्हणाले, आणि निम्म्या वाट्यानं ते शेत कसणाऱ्या भिल्ल नवरा-बायकोला त्याच दुपारी त्यांनी निघायला सांगितलं. झाडं लाल मिरच्यांनी वाकली होती. बाई म्हणाली, "दादा, तोडणी तरी व्हऊ द्या." काका खाटेवरून उठलेही नाहीत. "तेल निंघनं ते तू बी वाटा मांगशी." दोघं बोचकं बांधून गेली. न लागलेल्या तेलाचा वाटेकरी आधीच हाकलणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. थोड्याच दिवसांत सर्वेक्षणवाले बोअर बुजवून निघून गेले. तोडणीला माणूस मिळेना, मिरच्या झाडावरच वाळून पांढऱ्या पडल्या. तेव्हा काका मला घेऊन नवापूरला गेले. ती दोघं तिथं कोंबड्यांच्या शेडवर कामाला लागली होती. "चाल बहीन, वावर तुन्हंच समज," काका मधाळ आवाजात म्हणाले. "खालनंबी का?" बाईनं शांतपणे विचारलं आणि पाण्याची बादली घेऊन पुढच्या रांगेकडे वळली. काका आजही चारचौघांत सांगतात, सरकारनं आपलं तेल दाबून ठेवलं. ते बोलायला लागले की मी चपला घालून बाहेर पडतो.