चाचांचा जामीन

बाबा गेले तेव्हा घरात सर्वांत जास्त रडले ते पिंजारी चाचा. आमच्या परसात एक पडवी होती, तिथे ते राहत आणि गावातल्या गाद्यांचा कापूस पिंजून देत. भावकीला त्यांचं रडणं जरा जादाच वाटलं. समाचाराला आलेल्या एका काकूंनी मला हळूच विचारलंही, "हा चाचा काहून एवढा रडून राहिला रे? बाप तुहा गेला का त्याचा?"

मला उत्तर ठाऊक होतं, पण ते सुतकात सांगण्यासारखं नव्हतं. चाचांचा सोबती गेला होता आणि जामीनदारही गेला होता. त्यातलं कोणतं रडू कोणासाठी, हे त्यांना स्वतःलाही निवडून काढता आलं नसतं.

तो काळ कापसाचा होता. अमेरिकेत लढाई पेटली होती, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि त्यामुळे अमरावतीच्या बाजारात कधी नव्हे तो भाव आला होता. भावामागून माणसं आली. मुंबईचे अडते आले, मारवाडी पेढीवाले आले, गठ्ठे दाबायची यंत्रं घेऊन गोरे साहेब आले. त्यांच्यामागून ते गठ्ठे उचलणारे आले. आणि उचलणाऱ्यांच्या मागून चोऱ्या आल्या, निदान कचेरीचं तसं मत पडलं. मग दवंडी पिटली. परमुलखातून आलेल्या प्रत्येकानं इथला जामीन द्यावा, नाही तर हद्दीबाहेर व्हावं. अडत्यांना किंवा साहेबांना ही दवंडी लागू असेल, असं कोणाच्या मनात आलं नाही. त्यांच्या तर नाहीच नाही.

चाचा पैनगंगेपलीकडचे. आईच्या कडेवर बसून नदी उतरले तेव्हा दोन्ही काठ निजामाचे होते. पुढे वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला, मुलूख मात्र निजामाचाच राहिला. चाचा म्हणत, "निजामाच्या मुलखातून निजामाच्याच मुलखात आलो मी. मंग परमुलूख कोन्ता, थे तरी दाखवा." दाखवणार कोण? बाबा चावडीवर गेले, जामीन म्हणून सही केली आणि घरी येऊन जेवायला बसले. त्या विषयावर घरात पुन्हा बोलणं झालं नाही.

जामीनदार मेला की जामीनही संपतो, हे तेराव्यानंतर शिपाई दारात आला तेव्हा आम्हाला कळलं. चाचांनी नवा जामीन द्यायचा होता, नाही तर नदीपलीकडे जायचं होतं.

मी थोरला, गावातल्या शाळेत मास्तर. बाबांच्या जागी आता मीच, हे इतकं उघड होतं की मी चाचांना घेऊन सरळ कचेरीत गेलो. तिथले कारकून नुकतेच रत्नागिरीकडून आलेले, आमच्या उन्हाला अजून सरावले नव्हते. माझं मुंडलेलं डोकं पाहून त्यांनी आवाज मऊ केला.

"जन्म इथलाच ना आपला?"

"नाही, आजोळचा. हिंगोलीकडचा."

"म्हणजे पैनगंगेपलीकडचा." त्यांनी लेखणी खाली ठेवली. "हुकुमात 'जन्माने इथला' असं आहे हो."

"पहिलं बाळंतपण माहेरी होतं," मी म्हणालो. "घरोघर तसंच असतं."

"मला का ठाऊक नाही? आमची मंडळी आत्ता त्यासाठीच गेली आहे." ते खरोखर खिन्न झाले. "पण हुकूम हा असा आहे."

मी मनातल्या मनात आमची गल्ली फिरून आलो; आमच्याकडच्या सोयरिकी बहुतेक नदीपलीकडच्याच. दर घरातला थोरला मुलगा, ज्याच्या नावानं शेत चालतं आणि ज्याच्या हातून पितरांना पाणी मिळतं, तो हुकुमाप्रमाणे परका होता. धाकटे तेवढे इथले. आणि घरातल्या सुना तर सगळ्याच परमुलखातल्या. ज्या साहेबानं हुकूम काढला त्याला पहिल्या बाळंतपणाची रीत ठाऊक नसणार. ज्यांनी मराठीत उतरवला त्यांना होती, पण त्यांना फक्त उतरवायलाच सांगितलं होतं.

"मग मलाही जामीन लागेल?" मी विचारलं.

"छे, भलतंच. तुम्ही शाळेत शिकवता. तुम्हाला कोण विचारतो?"

"आणि तुम्हाला?"

"आम्ही नेमणुकीवर आलेले," ते म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. प्रश्नच त्यांना कळला नव्हता.

उंबऱ्यापाशी बसलेले चाचा म्हणाले, "भाऊ, मंग आपन दोघंबी हिंगोलीले जाऊ. तुमी पोरं शिकवा, मी गाद्या पिंजतो." त्यावर कारकूनही हसले.

परतताना वाटेत गाड्यांची रांग लागली होती. त्यातल्या कितीतरी नदीपलीकडच्या होत्या. तो कापूस इथल्या यंत्राखाली दाबला, की गठ्ठ्यावर उमरावतीचा, म्हणजे साहेबी उच्चारातल्या अमरावतीचा, शिक्का बसे आणि विलायतेत तो उमरावतीचा म्हणूनच विकला जाई. चाचा त्या गाड्यांकडे बराच वेळ पाहत उभे राहिले.

भावकीतलं कोणी सहीला पुढे आलं नाही, तेव्हा अखेर माझा धाकटा भाऊ जामीन राहिला. तो अकोल्याला कापसाची दलाली करी, तेराव्यासाठी आला होता. अमरावती त्यानं केव्हाच सोडली होती, पण जन्मला होता आमच्याच माजघरात. सही झाल्यावर कारकुनांनी अट वाचून दाखवली: असामीस जामीनदाराच्या नजरेखाली ठेवावे.

घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "दादा, माही नजर काई अकोल्याहून अमरावतीपर्यंत पोचत नाई. चाचाले संग नेतो. तसेबी तिकडं हात कमीच पडून राहिले."

"बाबांनी कधी ठेवलं होतं त्यांना नजरेखाली?"

"बाबा दिवसभर दारातच बसून राहत. त्याहिले वेगळी नजर कायले ठेवा लागते?"

 चाचांपुढे दोन वाटा होत्या. हिंगोलीकडे त्यांना ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. अकोल्याला निदान माझा भाऊ होता. त्यांची बायको मात्र अमरावतीच्याच कब्रस्तानात होती, आणि दर शुक्रवारी ते तिथे जात. अमरावतीत राहायला मिळावं म्हणून तर एवढी खटपट केली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंजण गाडीत ठेवलं. भाऊ लहानपणी त्यांच्या मांडीवर जेवलेला, त्यांना कायम अहोजाहो करणारा. तो बैलांचा कासरा हातात धरून म्हणाला, "बस रे मांगं." कोणी चमकलं नाही, चाचाही नाही.

मी नाक्यापर्यंत गाडीबरोबर चालत गेलो. शिपायानं चाचांकडे बोट दाखवलं. "हा कोणाचा?"

"माहा माणूस आहे," भाऊ म्हणाला.

गाडी सुटायच्या आधी चाचा माझ्याकडे वाकले. "भाऊ, बाबांची गादी पिंजाची रायली. दिवाईच्या आंदी मी येतो..." आणि ते थांबले. त्यांनी पुढे बसलेल्या माझ्या भावाच्या पाठीकडे पाहिलं.

"मालकाले विचारून येतो," ते म्हणाले.

भावानं ऐकलं की नाही कोण जाणे. त्यानं बैल हाकले.