मधुकररावांनी बदलू न दिलेला आवाज

मधुकरराव खापरे यांची माझी पहिली भेट सावनेरच्या शाळेत झाली. मी चौथीच्या वर्गात एका मुलीला रागावत होते. दाराशी अनोळखी गृहस्थ उभे दिसले म्हणून थांबले, तर तेच म्हणाले, "बाई, तुमचं होऊ द्या. मी थांबतो." पुढे कळले, की हे नागपूरचे दिग्दर्शक असून कोळसा खाणीत काम करणाऱ्या माणसाच्या बायकोच्या भूमिकेसाठी वऱ्हाडी बोलणारी बाई शोधत हिंडत आहेत.

माझे रागावणे ऐकून त्यांनी ती भूमिका मलाच देऊ केली. माझी आई मात्र ऐकेना. "माही पोरगी सिनेमात काहून पाठवू गा? लोकं काय म्हनतील?" मधुकरराव ओसरीवर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "आई, तुम्हीही चला. माझ्या शेजारी बसा." आणि खरोखरच उन्हाळ्याच्या सुटीत, सगळे चित्रीकरण होईपर्यंत, आईची खुर्ची कॅमेऱ्याजवळ असे. एकदा ती म्हणाली, "भाऊ, दिवसभर राबलेली बाई अशी नाही उठत. हे खोटं वाटून राहिलं." मधुकररावांनी सर्वांदेखत तो प्रसंग पुन्हा घेतला. असा मोठेपणा मी नंतर कोठे पाहिला नाही.

चित्रपट पुरा झाला आणि मुंबईच्या वितरकाने अट घातली: ही बोली इतरांना कळणार नाही, सगळे आवाज बदलून शुद्ध भाषेत घ्या. मधुकररावांनी आम्हा सर्वांना नागपूरला, सीताबर्डीच्या कचेरीत बोलावून विचारले. एकेक जण 'बदला' म्हणाला. मीही म्हणाले. मला माझा चेहरा पडद्यावर हवा होता. आवाज कोणाचाही चालला असता. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

मधुकररावांनी सर्वांचे ऐकून घेतले. मग एवढेच म्हणाले, "माझ्याच्याने नाही होणार."

चित्रपट सीताबर्डीत एक आठवडा चालला. इतरत्र लागलाच नाही. मधुकररावांना पुन्हा कोणी चित्रपट दिला नाही. सहकारी मुंबईला गेले. मी लग्न करून अमरावतीला गेले आणि कित्येक वर्षे साधे पत्र टाकले नाही. सुमतीवहिनी, त्यांच्या पत्नी, वारल्या, तेही मला उशिरा कळले.

या काळात ते शेतकऱ्यांसाठी लहान माहितीपट करीत राहिले. कपाशीवरच्या किडीचा माहितीपट मी पाहिला आहे. त्यात निवेदक नाही. शेतकरी आपल्या बोलीत, आपल्या शेतात उभा राहून बोलतो. कोणी कौतुक करणारे नसतानाही त्यांनी काम सैल होऊ दिले नाही.

आई गेली तेव्हा ते एस.टी.ने सावनेरला आले. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्यांनी मागचा एक शब्द काढला नाही. दिवसभर आमच्या माणसांत बसले, जाताना म्हणाले, "आईंसारखं बघणारं माणूस मला पुन्हा मिळालं नाही."

साठीनिमित्त होणाऱ्या या सत्काराचे सांगायला मी गेल्या महिन्यात नागपुरात, नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, नीट आवरलेल्या. चहा त्यांनीच केला. सोहळ्याची हकीकत शांतपणे ऐकून घेतली. वक्ते कोण, अध्यक्ष कोण, काही विचारले नाही. मी चपला घालत होते, तेव्हा विचारले, "बाई, कार्यक्रम झाल्यावर कोणी घरी येईल का हो?"



मधुकररावांनी साठी पूर्ण केली. त्यांना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभावे, ही प्रार्थना मी मनापासून करते. पण एकट्या माणसासाठी नुसती वर्षे मागून आपण मोकळे होऊ नये. हा गौरवग्रंथ वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी त्यांच्या हाताखाली काम केले आहे. त्यांचे घर नंदनवनात बस थांब्यापासून चार पावलांवर आहे. सत्कारानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी मी तेथे असेन. आपणही यावे.