पंपाच्या पोटातलं सील

पिंपरीच्या आमच्या कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा पंच केलेली, म्हणजे भोकं पाडून माहिती भरलेली कार्डं सांभाळायला मावळातले एक गृहस्थ होते. कुठल्या मॉडेलला कोणते भाग लागतात ते कार्डांवर असे. माझा प्रोग्राम ते वाचून स्टोअरसाठी यादी छापी. गृहस्थांना इंग्रजी जेमतेम येई, पण कार्डं लावताना ते पुटपुटत, "गाडीच्या पोटात इंजिन, इंजिनाच्या पोटात पंप, पंपाच्या पोटात सील." मग गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीने तिरकी रेघ ओढत. एक कार्ड जागचं हललं तरी रेघ तुटायची. इतकं चोख काम मी पुढे कुणाचं पाहिलं नाही.

एकदा एका नव्या मॉडेलच्या यादीत पंपाची गळती रोखणारं सीलच आलं नाही आणि असेंब्ली लाइन बंद पडली. मॅनेजरसाहेबांनी मला जाब विचारला. गठ्ठ्यावरची रेघ अखंड दिसत असूनही मी म्हणालो, "कार्डं मागंपुढं झाली असतील." गृहस्थांची गोदामात बदली झाली.

जायच्या दिवशी ते यादी घेऊन माझ्या टेबलाशी आले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "राव, कार्डं बराबर हायेत. तुमचा प्रोग्राम पंपापाशीच थांबतोय, त्याचं पोट उघडतच न्हाई. आजच नीट करा, न्हाईतर पुढच्या बारीला तुमी सापडाल."

दुपारपर्यंत मी प्रोग्राम दुरुस्त केला. नव्या यादीत सील पाहून साहेब खूश झाले. "काय केलंस रे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "कार्डं नीट लावून घेतली."