दोनदा उमटलेला एक्केचाळीस

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते.

वाघोलीजवळ सकाळी सकाळी एका दूधवाल्याच्या सायकलीला जीपने उडवले आणि जीप पळाली. दूधवाला बेशुद्ध, साक्षीदार कोणी नाही. दुपारी एक गृहस्थ आमच्या पोलीस ठाण्यात आले. "अहो, माझ्या गाडीच्या काचेवरच्या डॅशकॅममध्ये ती जीप आली आहे."

ऊन समोर असूनही पाटी दिसत होती. वरची ओळ फिसकटलेली, खाली मात्र 4141. हा आकडा वळणदार काढला की 'दादा' वाचतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्या हद्दीत तशी पाटी मिरवणारा एकच होता, खडी-वाळू पुरवणारा. तोंडाचा फटकळ, आधीपासूनच माझ्या डोक्यात जाणारा. म्हटले, सापडला बेटा!

त्याच्या दारात मांडव होता, मुलीचा साखरपुडा. पाहुण्यांदेखत उचलला. जीपचा बंपर नुकताच रंगवलेला. मला आणखी काय हवे होते?

"साहेब, कार्य हाय म्हणून रंगवली गाडी. सकाळपासनं मी मांडवातच हुतो."

"सगळे असंच म्हणतात."

संध्याकाळी निरोप आला, मुलाकडच्यांनी सोयरीक मोडली. तो भिंतीला टेकून ढसाढसा रडला. मला ते नाटक वाटले.

दुसऱ्या दिवशी सायबरचे काम पाहणाऱ्या आमच्या महिला शिपाई चित्रण घेऊन आल्या. "सर, गाडीला मागे दिवे किती असतात?"

"दोन."

"इथे मोजा."

चार होते! मी पुन्हा मोजले.

"एचडीआर चालू होतं, सर. एक फोटो उजेडाचा, एक सावलीचा, दोन्ही जोडून एक फ्रेम. म्हणून उन्हातही पाटी दिसली. पण गाडी वळत होती, ती दोनदा उमटली. नंबर नुसता 41 आहे."

"मग ते बंद का नाही ठेवत?"

"बंद केलं तर सेकंदाला तीसऐवजी साठ फ्रेम मिळतात, गाडी स्वच्छ येते. पण समोर ऊन असलं की पाटी काळी. दोन्ही एकदम मिळत नाही."

41 नंबरची जीप त्याच दिवशी एका गॅरेजात सापडली, पुढचा दिवा फुटलेली. चालकाने कबुली दिली. दूधवालाही शुद्धीवर आला.

खडीवाल्याला सोडताना मी हात जोडले. तो म्हणाला, "हितं बंद खोलीत नको, साहेब. चार लोकांत उचललंत, चार लोकांत सांगा."

कॅमेऱ्याने त्याच्याकडून होईल तेवढे दाखवले होते. दिवे तर माझ्याही डोळ्यांसमोर होते, पण मला 'दादा'च वाचायचा होता. नावडत्या माणसाविरुद्धचा पुरावा दोनदा तपासावा, एवढे मी तेव्हा शिकलो. फार उशिरा शिकलो.

चौथ्या दिवशी वर्दी चढवून मुलाच्या बापाच्या अंगणात गेलो. भावकीसमोर सांगितले, "चूक माझी आहे. माणूस निर्दोष आहे."

बापाने पाण्याचा तांब्या पुढे केला. "साहेब, पोराचं लगीन कालच दुसरीकडं ठरलं, सुपारी फुटली."

हे त्या मुलीच्या घरी जाऊन मलाच सांगावे लागले.