दुसऱ्या कॉलममधले ड्रम्स

आधी राजवाडे काकूंचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. अमेरिकेत, सनीव्हेलमध्ये त्यांनी मला खोली दिली, आणि नववीत शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याची नोकरी एका प्रश्नात वाचवली.

२००४ साल. जुने होम कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दुकानात मी ट्रायलवर होतो. स्टीव्ह नावाच्या कस्टमरनं त्याची अमिगा आणली, असाच एक जुना कॉम्प्युटर. पंधराव्या वर्षी त्यानं तिच्यावर ट्रॅकरमध्ये गाणं केलं होतं. ते शनिवारच्या पार्टीत वाजवायचं होतं.

ट्रॅकर म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर गाणी करायचं सुरुवातीच्या काळातलं सॉफ्टवेअर. स्क्रीनवर चार उभे कॉलम. त्यात सूर अक्षरांनी, आकड्यांनी लिहायचे. ओळी वर सरकतात, गाणं वाजतं. अख्खं गाणं एका फ्लॉपीत.

मशीन चालू झालं, गाणंही वाजलं. पण ड्रम्स नाहीत.

डोना, माझी बॉस, म्हणाली, "शुक्रवारपर्यंत ड्रम्स सापडले नाहीत तर सोमवारी येऊ नकोस."

मी फ्लॉपीला दोष दिला. तीनदा कॉपी केली. ड्राइव्ह पुसला. शुक्रवारी दुपारी काकू डबा घेऊन आल्या.

"तोंड का उतरलंय?"

"ड्रम्स गायब आहेत, काकू. फ्लॉपी गेली."

त्यांनी चष्मा लावून स्क्रीनकडे पाहिलं. "कुठल्या रकान्यात लिहिलेत?"

"दुसऱ्या."

"मग त्या रकान्यातले आकडे पळतायत की हे! कॉम्प्युटर वाजवतोय रे. तुलाच ऐकू येत नसेल."

मी मशीनच्या मागे डोकं घातलं. आवाजाची भोकं दोन, वायर एक. अमिगाचा पहिला आणि चौथा कॉलम डावीकडून वाजतो, दुसरा-तिसरा उजवीकडून. टेबलावर स्पीकर एकच, म्हणून मी डावीच वायर लावली होती. दोन दिवस मी अर्धंच गाणं ऐकत होतो.

दुसरा स्पीकर आणून उजवी वायर जोडली. ड्रम्स असे आले की डब्याचं झाकण नाचलं. काकू चमच्यानं ताल धरायला लागल्या. संध्याकाळी स्टीव्ह आला आणि काउंटरपाशीच नाचला. डोना हसू दाबत म्हणाली, "सोमवारी वेळेवर ये."

मग स्टीव्हनं स्क्रीनवर गाण्यातल्या वाद्यांच्या नावांची यादी दाखवली. त्या काळची पोरं तिथे नावांऐवजी निरोप लिहायची. त्यानं लिहिलं होतं, ‘सॉरी मॉम, टीव्ही उद्या देतो.’ तेव्हा त्याची अमिगा घरच्या टीव्हीलाच जोडलेली असायची.

शिकलो ते एवढंच: फ्लॉपीला शिव्या देण्याआधी वायरी मोजाव्यात.

आता मीही ट्रॅकर शिकतोय. पहिलं धड गाणं झालं की यादीत सगळ्यात वर काकू असतील. एका ओळीत बावीस अक्षरं मावतात. इंग्रजीत ‘राजवाडे काकू थँक यू’ मोकळ्या जागांसकट बरोबर बावीस होतात. मी मोजलीत.